सर्जाची पावती

अहो, तुमचं वय किती होतं?

विम्याच्या कचेरीत खिडकीपलीकडून मला हे विचारलं, तेव्हा मी पटकन "एकोणचाळीस" म्हणून मोकळी झाले. ज्या माणसाच्या ताटात अठरा वर्षं भाकरी वाढली, त्याचं वय सांगायला विचार कसला करायचा? पण कारकून सज्जन होता. म्हणाला, "बाई, तोंडी चालत नाही. पॉलिसीवर शिक्का आहे बघा, वयाचा पुरावा दिलेला नाही. शाळेचा दाखला आणा, जन्मपत्रिका आणा, काहीतरी कागद आणा." मी आपली खिडकीचा गज धरून उभी. उभ्या गावाच्या लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं तुम्ही प्रेसमध्ये अक्षराचा एकेक खिळा जुळवून छापलीत, आणि तुमच्या स्वतःच्या जन्माचा कागद म्हणाल तर घरात चिटोरासुद्धा नाही. शाळा तुम्ही चौथीत सोडलीत. ती भरायची मारुतीच्या देवळात, तिचं दप्तर कुठे गेलं ते त्या मारुतीलाच ठाऊक.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. लोक म्हणतात, असं मरण भाग्याचं. प्रेसमधून आलात, सायकल भिंतीला टेकवलीत, ओट्यावर बसलात आणि आपल्या शोभाला म्हणालात, "पाणी आण गं." ती पाणी घेऊन आली तोवर तुम्ही नव्हतात. भाग्याचं तुमच्यासाठी असेल. आम्हा दोघींना मात्र तुम्ही काही विचारू दिलं नाहीत, काही सांगू दिलं नाहीत. आणि शेवटचे तीन दिवस तर आपण एकमेकांशी बोलतच नव्हतो.

त्या भांडणावर येतेच. ते टाळून मला तुमच्याशी काही बोलताच येणार नाही.

तुम्हाला आठवतं, दुष्काळ पडला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आपल्याला काय, आपलं कुठे शेत आहे? तुमचं हे नेहमीचं, संकट दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की आपल्याला काही होणार नाही असं वाटायचं. पण पाऊस नाही म्हणजे पीक नाही, पीक नाही म्हणजे लग्नं नाहीत, आणि लग्नं नाहीत म्हणजे पत्रिका कुणी छापायच्या? प्रेसचे मालक आप्पा, भला माणूस, पण त्यांनी तरी कुठून द्यायचं? पगार निम्मा झाला. रेशनची ती लाल मिलो ज्वारी खाऊन शोभाचं पोट दुखायला लागलं. तिच्या अकरावी मॅट्रिकच्या परीक्षेची फी भरायची होती, दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, वाण्याने उधारी बंद केली होती. आणि या सगळ्यात तुमचे दोन हट्ट काही सुटत नव्हते. एक विमा आणि दुसरा तो सावेडीचा प्लॉट.

प्लॉट दाखवायला तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला होतात, आठवतं? शहर संपलं, रस्ता संपला, मग माळ सुरू झाला. चार दगड रोवलेले आणि मध्ये बाभळीचं झुडूप. तुम्ही त्या दगडांमध्ये उभं राहून हात करून दाखवत होतात, "ही पडवी, ही खोली, आणि इथे तुझी चूल." मी म्हणाले, "चहा कोणाला द्यायचा? कोल्ह्याला?" तुम्ही हसलात, पण कान लाल झाले होते तुमचे. सोसायटीला हप्त्याने पैसे भरायचे होते. शेवटचे दोन हप्ते राहिले आणि दुष्काळ आला. पाडव्याच्या आत दोन्ही भरले नाहीत तर प्लॉट यादीतल्या पुढच्या सभासदाला, अशी नोटीस आली. ती नोटीस तुमच्याच प्रेसमध्ये छापली होती. तुम्हीच जुळवली होती. "एकही चूक नाही त्यात," असं तुम्ही मला मोठ्या अभिमानाने सांगितलंत. मला तुमचा राग यावा की कीव, कळेना.

मग तुम्ही माझ्या पाटल्या मागितल्यात.

त्या माझ्या आईच्या. काष्टीच्या बाजारात भाजी विकून विकून तिने केलेल्या. लग्नात माझ्या हातात घालताना ती म्हणाली होती, "हे मोडायची वेळ आली तर आधी मला सांग." ती तर केव्हाच गेली, सांगणार कुणाला? मी नाही म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा नाही म्हणाले, आणि मग जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. "विम्याचे हप्ते भरता ना, मग तो मोडा. जिवंत माणसाला ज्याचा उपयोग नाही, मेल्यावरच ज्याचे पैसे मिळतात, असल्या गोष्टीवर पैसे घालायला सुचतं तुम्हाला, आणि माझ्या हातावर डोळा?"

नोटिशीची घडी घातलीत, ती सदऱ्याच्या खिशात ठेवलीत आणि प्रेसला गेलात. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याला बायकांनी माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या फोडल्या आणि पाटल्या उतरवून फडक्यात बांधून ठेवल्या. तुम्ही मागितल्या तेव्हा निघाल्या नव्हत्या. साबण लावून निघाल्या, दोन मिनिटांत. पुष्कळ रडले मी त्या दिवशी, आणि सगळ्यांना वाटलं मी बांगड्यांसाठी रडते आहे.

त्यानंतर माझ्या कचेरीच्या वाऱ्या सुरू झाल्या. आधी फॉर्म चुकला. मग नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला हवा होता. तो आणला तर त्याच्या आणखी प्रती हव्या होत्या, शिक्का मारलेल्या. मग डॉक्टरचं पत्र. मग स्मशानाची पावती. तुम्ही मेलात हे सिद्ध करायला मला पाच कागद लागले. कुणी वाईट वागलं नाही, खोटं बोलणार नाही. बाकावर बसायला सांगायचे, पाणी द्यायचे. पण कारकून मान वर करून "बाई, आणखी एक" म्हणाला की मी पिशवी उचलून पुढच्या कागदामागे निघायचे. पाडवा जवळ येत होता. घरी आले की शोभा तोंडाकडे बघायची, विचारायची नाही. वाणी मात्र विचारायचा, "झालं का वहिनी काम?" मी म्हणायचे, "होतंय." होतंय, होतंय म्हणताना मला स्वतःलाच वाटायला लागलं, होणार नाही.

एक गोष्ट चांगली झाली, ती तुमच्यामुळे. फॉर्म मला वाचता आले. आठवतं ना, प्रूफं घरी आणून तुम्ही मला शेजारी बसवायचात, "मोठ्याने वाच, मी चुका काढतो." लग्नात मला अक्षरं जेमतेम यायची. लोकांच्या पत्रिका वाचून वाचून मी वाचायला शिकले. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' यापासून सुरुवात केली आणि आता विम्याच्या अटी वाचते. बाकी बायकांना कुणाच्या तरी पाया पडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. मला नाही लागला. हे तुम्ही असताना एकदा म्हणायला हवं होतं.

असो. वयाचा पुरावा.

शेवटी गावी गेले. घोडेगावला एसटीतून उतरले आणि पुढचं अंतर चालत. दोन्ही बाजूंना शेतं अशी कोरडी की ढेकळंसुद्धा पांढरी. मोठे भाऊजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. जाऊबाई घरी होत्या. मला बघून गळ्यात पडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, आमच्यात कुनाच्या जलमाचा कागद आसतो? पोरं झाली, जगली तर वाढली. जनावराचा मातर आसतो. बाजारातनं जनावर आनलं की पावती लागती, न्हाईतर चोरीचं म्हनत्यात."

तेवढ्यात मला आठवलं.

किती वेळा सांगितली असेल तुम्ही ती गोष्ट! पाहुणा आला की सुरूच. सासूबाई बाळंत होत होत्या आणि मामंजी घोडेगावच्या बाजारात खोंड घ्यायला गेलेले. संध्याकाळी खोंड घेऊन वेशीत आले तेव्हा कुणीतरी सांगितलं, "मुलगा झाला." मामंजी म्हणाले, "लई ब्येस. आधी ह्याला पानी दावा, पाच कोस चालून आलाय." खोंडाचं नाव सर्जा ठेवलं आणि तुमचं बारसं मात्र दोन महिन्यांनी. "मी आणि सर्जा एका दिवसाचे," म्हणायचात, "पण लाड सर्जाचे जास्त." आणि दर वेळी मी म्हणायचे, "दिसतंच आहे."

मी जाऊबाईंना विचारलं, "सर्जाची पावती आहे का हो?"

त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. सातबाऱ्याचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, आणि सगळ्यांत खाली एका कापडात गुंडाळलेला पिवळा कागद. मामंजींनी जपून ठेवला होता. सर्जा जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील, पावती आहे. तुमच्या घरातली ही तऱ्हा.

कागद मोडी लिपीत लिहिलेला. मला येईना. संध्याकाळी भाऊजी आले, हात खडीने सोललेले. माझ्याकडे न बघता, जाऊबाईंकडे तोंड करून म्हणाले, "शोभाच्या आईला म्हनावं, कागदाची काय गरज न्हाई. कचेरीत मी सांगतो. थोरला भाऊ हाय मी. किती वय सांगू, तेवढं फकस्त सांगा. अंगठा उठवून दितो." हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एवढं सोपं होतं तर मी महिनाभर कशासाठी मरत होते? तरी पावती पिशवीत घातली. का घातली, सांगता येत नाही. तुमच्या जन्मदिवसाचा कागद होता, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेले. आता मी दुपारी तुमच्या प्रेसमध्ये पावती पुस्तकं शिवायला बसते, शेकड्यावर पैसे मिळतात. आप्पांना मोडी येते. त्यांनी कागद उजेडात धरला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मग बोटांवर मोजलं. "वहिनी," म्हणाले, "हा कागद खरा असेल तर आपला कंपोझिटर बेचाळीसचा होता."

मी म्हणाले, "एकोणचाळीस."

"बेचाळीस," आप्पा म्हणाले. "तीन वर्षांचा फरक आहे. पण असू द्या, कुणाला कळतंय?"

प्रेसच्या पायरीवर बसले आणि मला सगळं एकदम दिसलं. आमच्या घरी तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मामंजी माझ्या वडिलांना म्हणाले होते, "पोरगा एकवीस सरून बाविसात चाललाय." चोवीस म्हटलं असतं तर वडिलांनी विचारलं असतं, इतके दिवस का राहिला, काही खोट आहे का? म्हणून तीन वर्षं खाली. ठीक. घरोघरी करतात. पण अहो, विम्याचा माणूस घरी आला होता तो दिवस मला आठवतो. चटईवर बसून फॉर्म भरत होता. मी लसूण सोलत होते. त्याने विचारलं, "वय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कानाची पाळी चोळलीत आणि म्हणालात, "सदतीस." त्या वेळी मला वाटलं, डास चावला. खोटं बोलताना तुम्ही कानाची पाळी चोळता हे मला माहीत होतं की. हरवलेली छत्री, भावाला दिलेले पैसे, सगळं मी त्या पाळीवरूनच ओळखलं. आणि नेमकं हे निसटलं.

मी तिथे बसले नसते तर तुम्ही चाळीस सांगितलं असतंत. सोळा वर्षं संसार झालेल्या बायकोसमोर लग्नातलं खोटं उघडं पडेल, म्हणून विम्याच्या कागदावर तुम्ही खोटं लिहिलंत. मला हसू आलं. मग भीती वाटली.

कारण कारकुनाने मला आधीच समजावून सांगितलं होतं. वय जास्त निघालं तर रक्कम कमी होते. शिवाय पॉलिसी नवी, दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत, म्हणजे चौकशी होणार, कागद वरच्या कचेरीत जाणार. किती दिवस लागतील, काय कापतील, काही देतील की नाही, सांगता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला भाऊजींचा अंगठा तयार. एकोणचाळीस म्हटलं की काम झालं, पाडव्याच्या आत प्लॉटचे पैसे. पावती चुलीत घातली तर जगात कुणाला कळणार नव्हतं. आप्पा बोलणार नाहीत. सर्जा तर बोलणारच नाही.

चार दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. भाकरी करपली, पावती पुस्तकाला टाके वाकडे पडले. मनात नुसती मोजणी. इतके आले तर हप्ते, इतके आले तर भाडं, शोभाची कॉलेजची फी. नाही आले तर? तिथे आलं की मोजणी थांबायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची. तुमच्यावर चिडत होते. खोटं तुम्ही बोललात आणि निस्तरायचं मी. आणि चिडायला तरी तुम्ही कुठे होतात समोर?

पाचव्या दिवशी शोभा अभ्यास करता करता म्हणाली, "आई, मी झाले तेव्हा बाबा किती वर्षांचे होते गं?"

साधा प्रश्न. तिला काही माहीत नव्हतं. पण माझ्यापुढे दोन आकडे उभे राहिले. कचेरीत एक आकडा लिहिला की घरातही मला तोच सांगावा लागणार होता. आज, उद्या, तिच्या मुलांना. तुम्ही प्रूफात एक काना राहिला तरी अख्खा फॉर्म पुन्हा छापायला लावायचात. "लोक जन्मभर ठेवतात हा कागद," म्हणायचात. आणि मी तुमचं अख्खं वयच चुकीचं छापून ठेवायचं?

मी फडकं सोडलं आणि पाटल्या बाहेर काढल्या.

प्लॉट वाचवण्यासाठीच खोटं बोलायचं होतं ना? मग प्लॉटचे पैसे माझ्याजवळ होतेच की. पहिल्यापासून होते. सराफ म्हणाला, "जुनं सोनं आहे, बाई, पुन्हा एकदा विचार करा." मी म्हणाले, "विचार तीन महिन्यांपूर्वी करायचा होता." त्याला काय कळणार? पैसे घेतले आणि तशीच सोसायटीत गेले, दोन्ही हप्ते भरले. आईची मनात क्षमा मागितली. तुमची मागायला मात्र तोंड नाही. त्या दिवशी हातातून काढून दिल्या असत्या तर तुम्ही ते तीन दिवस माझ्याशी बोलत असतात. एवढंच. तुम्ही जगला असतात असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले की छातीचं दुखणं जुनं असणार. पण बोलत असतात.

मग भाऊजींना बोलावून घेतलं. त्यांनी खऱ्या आकड्यावर अंगठा दिला. जरा नाराजच होते. "आपल्याच हातानं आपलं कमी करून घ्यायचं, ह्ये काय शानपन?" म्हणाले. पण दिला. आप्पांनी पावतीतला मजकूर बाळबोधीत उतरवून खाली सही केली, आणि मी कचेरीत गेले.

कारकुनाने कागद उलटसुलट बघितला. "बाई, ही बैलाची पावती आहे."

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवशीचे ते."

तो हसला नाही. भाऊजींचा कागद वाचला, आप्पांचा वाचला. मग हळूच म्हणाला, "हे दिलंत तर रक्कम कमी होईल. कदाचित बरेच महिने लागतील. मी काहीच सांगू शकत नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. धीट वगैरे काही नव्हते मी, खिडकीचा गज धरूनच बोलत होते. निर्णय अजून आलेला नाही, टपालवाला दिसला की हातातलं काम टाकून दारात जाते.

त्याने एक फॉर्म पुढे केला. त्यात माझंही वय विचारलं होतं. आता तुम्हाला सांगते, तुम्ही रागावू शकत नाही. बघायला आलात तेव्हा मी सोळाची नव्हते. अठराची होते. माझ्या वडिलांनीही तुमच्या वडिलांना फसवलं होतं, हिशेब बरोबरीत सुटला. अठरा वर्षं मी पण हे पोटात ठेवलं. तुम्ही कान चोळत होतात आणि मी लसूण सोलत होते. त्या फॉर्मवर मी छत्तीस लिहिलं, पहिल्यांदाच.

कारकुनाने सगळे कागद एकावर एक रचले आणि टाचणी लावायला घेतली. मृत्यूचा दाखला, त्याच्या प्रती, डॉक्टरचं पत्र, स्मशानाची पावती, सगळ्यांत वर सर्जाची. मी खिडकीतून हात आत घातला. कधी नव्हे ते असं केलं.

"एवढा कागद परत द्या," मी म्हणाले. "याची नक्कल ठेवून घ्या, शिक्का मारा, पण हा मला द्या."

"का हो, बाई?"

"ते गेले त्याचे पाच कागद तुमच्याकडे आहेत," मी म्हणाले. "ते जन्मले होते याचा एवढाच आहे."

त्याने नक्कल करून घेतली. मी पावती घेऊन चालत घरी आले.